शिक्क्याचा फोटो

धानोऱ्याच्या बसस्टँडसमोर 'मोहुर्ले फोटो स्टुडिओ' अशी पाटी आहे. खाली बारीक अक्षरांत झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट, आणि त्याहून बारीक अक्षरांत एका वर्तमानपत्राचं नाव होतं. ते आता पांढऱ्या रंगानं पुसलंय. पण रंगाचा एकच हात दिल्यामुळे उन्हात नाव अजून वाचता येतं, आणि मुखरू मोहुर्ले काही दुसरा हात देत नाही.

त्या वर्तमानपत्राचा तो सव्वीस वर्षं तालुका वार्ताहर होता. तालुका वार्ताहर म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नाही त्यानं देवाचे आभार मानावेत. पायपीट याची, पेट्रोल याचं, शिव्या याला, आणि छापून येतं 'प्रतिनिधी'. पहिली काही वर्षं मुखरू फोटो पाकिटात घालून गडचिरोलीच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देत असे. पुढे ई-मेल आला, मग व्हॉट्सॲप आलं. तोंडानं फटकळ माणूस, पण लिहायला बसला की एका नावासाठी चार घरी विचारून येणारा. खोटं छापलं असा ठपका त्याच्यावर एकदाच आला, आणि तोही खोटा.

ती गोष्ट २०१९ची. नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, वाहून गेला आणि एका गरोदर बाईला खाटेवर घालून पाण्यातून न्यावं लागलं. मुखरू स्वतः मांडीभर पाण्यात उभा राहून फोटो काढत होता. बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर फिरवलं की हा फोटो छत्तीसगडचा, चार वर्षं जुना. शहानिशा करायला कुणाला वेळ होता? जिल्हा कार्यालयानं तिसऱ्या दिवशी चौकटीत 'दिलगिरी' छापून टाकली. तेव्हापासून चहाच्या टपरीवर तो बसला की कुणी ना कुणी विचारायचाच, "मुखरूभाऊ, हा चहा इथलाच ना? का छत्तीसगडचा?" सगळे हसायचे. मुखरूही हसायचा, पण ते हसू त्याला दिवसभर टोचत राहायचं.

म्हणून दोन वर्षांनी गडचिरोलीच्या सभागृहात वार्ताहरांचं प्रशिक्षण ठेवलं, तेव्हा हा पहिल्या रांगेत जाऊन बसला. दिल्लीच्या एका संस्थेनं खोट्या बातम्यांविरुद्ध एक ॲप काढलं होतं आणि ते शिकवायला नागपूरहून मयुरी मॅडम आल्या होत्या. तरुण बाई, साधी बोलणारी. त्यांनी सांगितलं, या ॲपच्या कॅमेऱ्यानं फोटो काढला की त्याच क्षणी त्याची एक खूण तयार होते, तारीख, वेळ आणि जागेसकट. ती खूण जगभरच्या शेकडो कम्प्युटरवर जाऊन बसते. प्रत्येक खुणेत आधीच्या खुणेचा धागा असतो, म्हणून मधलीच कुणी बदलू शकत नाही.

"तुमच्या ग्रामसभेचा ठराव रजिस्टरात असतो," मॅडम म्हणाल्या. "रजिस्टर एकट्या सचिवाकडे असेल तर पान फाडता येतं. पण तोच ठराव गावातल्या प्रत्येक घरात लिहून ठेवला तर? किती घरांत जाऊन फाडाल? याला ब्लॉकचेन म्हणतात."

मुखरूनं डायरीत तो शब्द नीट लिहून घेतला, खाली दोन रेघा मारल्या आणि हात वर केला. "म्हणजे मॅडम, आता मले कोनी खोटं म्हणू शकत नाई?"

"फोटोला म्हणू शकणार नाही," मॅडम हसून म्हणाल्या.

दोन्हींत फरक आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात यावं अशी त्याची मनःस्थितीही नव्हती.

ॲपचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. मुखरूनं त्याला 'शिक्का' म्हणायला सुरुवात केली आणि तालुकाभर तेच नाव रूढ झालं. त्याचे दिवस फिरले म्हणा ना! पडकी आश्रमशाळा असो की मेलेलं चितळ, जिल्हा कार्यालय विचारायचं, "शिक्क्याचा आहे? मग लावा." टपरीवरचे विनोद बंद झाले. जिल्हा पानावर त्याच्या फोटोखाली आता त्याचं नाव येऊ लागलं. सव्वीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं, आणि माणूस आहे, थोडा फुगलाच.

अडचण एकच होती. आतल्या गावांत काही घडलं तर मुखरू पोचेपर्यंत दोन-तीन दिवस जायचे. फोटो गावकऱ्यांच्या मोबाइलमध्ये असायचे, आणि शिक्का दुसऱ्याचा फोटो घेतच नसे. फक्त स्वतःच्या कॅमेऱ्याला दिसेल त्यालाच तो मानायचा. दुसरा कुणी इथे थांबला असता. पण मुखरू मूळचा स्टुडिओवाला. कुणाचा आजा वारला की घरचे वाळवी लागलेला, पिवळा पडलेला फोटो घेऊन यायचे. मुखरू तो भिंतीला टेकवायचा, सावली बघायचा आणि फोटोवरून फोटो मारायचा. धुऊन, मोठा करून, चौकटीत घालून द्यायचा. आजा तोच असायचा की नाही? फोटोवरून काढलेला फोटो हा फोटोच, यात त्याला आयुष्यात कधी शंका आली नव्हती. तेव्हा त्यानं गावकऱ्याचा मोबाइल सावलीत धरायचा, काच पुसायची, आणि शिक्क्याच्या कॅमेऱ्यानं त्या काचेचा फोटो घ्यायचा, अशी वाट काढली. ॲपला फसवतोय असं त्याच्या मनातही नव्हतं. उलट, दिल्लीच्या लोकांना जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं याचा त्याला आनंद होता. कार्यालयात कुणी निरखून बघितलं नाही.

मग २०२२चा मे महिना आला.

अठरा तारखेला, भर दुपारी, रस्त्याच्या कामावरचे दोन टिप्पर आणि एक रोलर जाळले गेले. तिथून कोहकाटोला हे गाव नऊ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सहा जणांना उचललं, त्यात कोहकाटोल्याचा अजय हिचामी. बावीस वर्षांचा, बारावी झालेला, ग्रामसभेचं रजिस्टर लिहिणारा. कुणाच्या तरी जबाबात त्याचं नाव आलं होतं.

आणि अठरा तारखेलाच कोहकाटोल्यात बियाण्याचा पंडुम, म्हणजे सण, होता. पावसाआधी प्रत्येक घरानं मूठभर धान पानाच्या द्रोणात घालून देवापुढे ठेवायचं, गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, पूजा करून ते परत द्यायचं, मगच पेरणी. सांजेला देवाचं उरकेपर्यंत गावातल्या कुणी शीव ओलांडायची नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही, असा तिथला नेम. म्हणजे अजय गावात होता, हे दीडशे माणसांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण दीडशेही गावचीच, त्याच्याच गोतावळ्यातली. त्यांच्या शब्दाला किती वजन मिळणार हे सांगायला वकील लागत नाही.

एकवीस तारखेला मुखरू मोटारसायकलनं कोहकाटोल्याला पोचला. अजयची आई सोमारी दारात बसली होती. तिला मराठी जेमतेम कळायची, मुखरूला गोंडी जेमतेम यायची. अजयची धाकटी बहीण करिश्मा बोलायला पुढे झाली. गडचिरोलीला वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती, सुट्टीत आली होती.

"भाऊ, माह्याजवळ फोटो हाये," ती म्हणाली. "देवाजवळ फोटो काढत नाईत आमच्यात. मी दुरून एकच काढला. कोनाले दाखवला नाई, गायता रागावते म्हणून."

तिनं मोबाइल पुढे केला. मुखरूनं तो डोळ्यांजवळ नेऊन बघितला. अजय दोन्ही हातांत द्रोण धरून वाकलेला, चेहरा स्वच्छ, मागे गायता. याहून पक्का पुरावा काय हवा! या पोराची सुटका आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं, आणि तसं ते होतंही.

त्यानं मोबाइल मोहाच्या सावलीत नेला. गमछ्यानं काच पुसली.

"तारीख दाखवू का भाऊ? आत असते, किती वाजता काढला ते," करिश्मा म्हणाली.

"काई गरज नाई, बाई. तारीख आपला शिक्का टाकते."

त्यानं फोटो घेतला. रेंज नव्हती, पण खूण झाली होती, रेंजमध्ये गेल्यावर ती आपोआप रवाना होणार होती. करिश्मानं मोबाइल परत घेतला आणि घुटमळली. वसतिगृहाकडे जाताना वाटेत तीन ठिकाणी तपासणी व्हायची, पोलीस मोबाइल उघडून बघायचे. भाऊ आत गेलेला, आणि त्याचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये. फोटोत गायताही होता.

"मंग माह्याजवळचा ठेवू का मिटवू?"

"मिटव," मुखरू म्हणाला. "आता तो शंभर कम्प्युटरवर जाऊन राह्यला. तुह्या एका मोबाइलची कायले फिकीर करतं?"

तिनं त्याच्यासमोर बोट दाबलं. मी ही गोष्ट पुष्कळदा ऐकली आहे, आणि दर वेळी इथे आल्यावर मला ओरडावंसं वाटतं. पण त्या मोहाखाली ओरडायला कुणी नव्हतं.

बातमी जिल्हा पानावर वरच्या बाजूला लागली. 'घटनेच्या वेळी अजय गावातच! फोटोवर शिक्कामोर्तब.' टपरीवर लोकांनी मुखरूला चहाचा पैसा देऊ दिला नाही. सोमारी दोन दिवसांनी एस.टी.नं आली, पानात बांधलेली चारोळी स्टुडिओच्या काउंटरवर ठेवली आणि आल्या पावली परत गेली. त्या रात्री, बायको रंभा सांगते, हा माणूस जेवता जेवता दोनदा एकटाच हसला.

जामिनाची सुनावणी ऑगस्टमध्ये लागली. अजयचे वकील अश्विन, मोफत मदतीच्या योजनेतून मिळालेले, पण मन लावून काम करणारे. ते फोटो घेऊन उभे राहिले. मग सरकारी वकील उठले. त्यांनी शिक्क्याची नोंद छापून आणली होती. ती कुणालाही बघता येते, तेच तर तिचं वैशिष्ट्य.

"बचाव पक्षाचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे," ते म्हणाले. "ही नोंद बदलता येत नाही. आणि नोंद सांगते की हा फोटो एकवीस मे रोजी सकाळी अकरा बेचाळीसला काढलाय. एकवीसला आरोपी कोठडीत होता. म्हणजे हा फोटो जिवंत माणसाचा नाही, फोटोचा फोटो आहे. कोपऱ्यात मोबाइलची कड दिसते, मोबाइल धरणारा अंगठाही दिसतो. मग मूळ फोटो कधीचा? पंडुम तर दरसाल होतो. गेल्या वर्षीचा? त्याच्या आदल्या वर्षीचा? मूळ मोबाइल द्या, आम्ही तपासायला तयार आहोत."

मागच्या बाकावर मुखरू बसला होता. अश्विन वकिलांनी मागे वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं मान खाली घातली.

करिश्माचा मोबाइल नागपूरला तपासायला नेला. मिटवलेला फोटो म्हणे महिनाभर मोबाइलमध्येच एका कोपऱ्यात पडून असतो, मग कायमचा जातो. अडीच महिने होऊन गेले होते, आणि त्याच मोबाइलवर तिनं अभ्यासाचे व्हिडिओ भरून ठेवले होते. काही निघालं नाही. जामीन नाकारला गेला.

मुखरूनं मयुरी मॅडमना फोन लावला. "मॅडम, मांगं जाऊन तेवढी तारीख अठरा करता येते का? मी शपथ घेतो, फोटो अठराचाच हाये. माहं पोट्टं असतं तरी खोटं बोललो नसतो."

"मुखरूभाऊ, मला तुमच्यावर विश्वास आहे," मॅडम म्हणाल्या. "पण ते बदलता येत नाही. कुणालाच नाही. नवी टीप तेवढी जोडता येईल."

"मंग टीप जोडा."

संस्थेनं टीप जोडली: 'पडद्यावरून घेतलेला फोटो. मूळ उपलब्ध नाही.' ती आता त्या फोटोला कायमची चिकटली आहे. एवढ्यावर थांबलं नाही. नियमाप्रमाणे त्यांनी मुखरूचे सगळे दोनशे बारा फोटो पुन्हा तपासले आणि सदुसष्टांवर तीच टीप जोडली. आश्रमशाळेचं छप्पर, हत्तींनी तुडवलेलं धान, औषधाविना परत पाठवलेली म्हातारी. सगळं खरं, आणि सगळं संशयास्पद. वर्तमानपत्रानं एका फोनवर त्याला मोकळं केलं. टपरीवर तर आता कुणी विनोदही करत नव्हतं.

आठवडाभर तो स्टुडिओ न उघडता घरात पडून राहिला. शेवटी रंभानं चहाची कपबशी त्याच्यापुढे आदळली.

"तुमची बातमी गेली. त्या बाईचं पोट्टं गेलं. तुमी काऊन रडून राह्यले?"

तो उठला. पडून राहून काय होणार होतं?

तेव्हापासून प्रत्येक तारखेला तो कोहकाटोल्याला जायचा, सोमारीला मोटारसायकलवर मागे बसवून धानोऱ्याला आणायचा आणि तिथून बसनं जिल्ह्याच्या कोर्टात न्यायचा. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळायची. कधी आरोपींना आणायला गाडी नसायची, कधी साक्षीदार नसायचा. मग दोघं कोर्टाच्या आवारात भाकर खायची आणि परत यायची. त्याच्यामुळे काय झालं हे सोमारीला ठाऊक होतं, करिश्मानं सगळं सांगितलं होतं. तिनं एका शब्दानंही त्याला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं तो रंभाला म्हणायचा. करिश्मानं नर्सिंग सोडलं. तिचं कारण ती कुणाला सांगत नाही, आणि मुखरूची विचारायची हिंमत होत नाही.

अशी तीन वर्षं गेली. पकडलेल्या बाकी पाच जणांनी एकेक करून गुन्हा कबूल केला. अश्विन वकिलांनी अजयला दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. खटला लढला तर आणखी किती वर्षं, कुणाला माहीत. कबूल केलं, तर आत काढलेली वर्षं धरून आणखी वर्ष-दीड वर्षात सुटका. निर्णय तुझा, असं ते म्हणाले.

मुखरू तुरुंगात भेटीला गेला. जाळीपलीकडे अजय हाडकला होता, पण आवाज शांत होता.

"नको रे बाबा," मुखरू म्हणाला. "तू नोतास ना तिथी."

"मी नोतो म्हणून तीन वर्ष सांगतलं भाऊ. कोनी ऐकलं? आता होतो म्हणतो, तर लगेच ऐकतीन."

"मी साक्ष देतो ना..."

"तुमी देल्ली ना साक्ष," अजय म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मुखरूला ते सहन झालं नाही, आणि वेळ संपायच्या आतच तो बाहेर आला.

गेल्या मार्चमध्ये तारीख लागली. सोमारी नेहमीसारखी मागच्या बाकावर, शेजारी मुखरू. न्यायाधीशांनी अजयला दोनदा विचारलं, कुणाच्या दडपणाखाली तर नाही ना? तो नाही म्हणाला. त्या दिवशी कुठे होतास, असं विचारलं. तो मराठीत म्हणाला, "गाड्या जाळल्या तिथी होतो." कारकुनानं ते टाइप केलं. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नाहीत. जाताना अजयनं आईकडे बघितलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर सोमारीनं मुखरूची बाही धरली आणि गोंडीत विचारलं, काय बोलला तो?

तीन वर्षं तिला तारखा, अर्ज, कारणं समजावून सांगणारा मुखरू आज शब्द शोधत राहिला. शेवटी मोडक्यातोडक्या गोंडीत त्यानं सांगितलं: तो म्हणाला, त्या दिवशी मी गावात नव्हतो. जाळलं तिथे होतो. असं म्हटलं की लवकर सोडतात.

सोमारी खाली बसली. लवकर सोडतात, हे तिनं ऐकलंच नसावं. पंडुमाच्या दिवशी शीव ओलांडली, असं तिच्या पोरानं स्वतःच्या तोंडानं सरकारपुढे सांगितलं होतं. उद्या सुटून आला तरी त्याला आधी गायत्यापुढे उभं राहावं लागणार होतं. इथे खरा ठरून देवापुढे खोटा, की देवापुढे खरा राहून इथे खोटा, हे तिला कोण समजावणार?

मग ती मराठीत बोलली, एकेक शब्द जुळवत. "त्या दिवशी देवापुढी धान ठेवलं, तो मंग कोन होता, भाऊ?"

मुखरूनं तिची पिशवी उचलली, आणि धानोऱ्याची बस सुटायला अजून तासभर होता म्हणून दोघं तिथेच पायरीवर बसून राहिली.